शब्दचर्चा : मोगोश्वायाचा ‘प्रिन्स’ म्हणजे राजपुत्र का?

प्रश्न असा आलाय की बुखारेस्टजवळच्या मोगोश्वाया पॅलेसबद्दल मराठीत लिहिताना ‘प्रिन्स ब्रिंकोव्ह्यानूचा राजवाडा’ याचं ‘राजपुत्राचा महाल’ केलं तर चालेल का.

नाही चालणार. कोन्स्तान्तीन ब्रिंकोव्ह्यानू 1688 ते 1714 वालाकियाच्या (आजच्या रोमानियाचा दक्षिण भाग) गादीवर होता, आणि ती गादी त्याला बापाकडून आलेलीच नव्हती, तिथल्या सरदारांनी (बोयार म्हणतात त्यांना) निवडलं नि तुर्कस्तानच्या उस्मानी सुलतानानं मान्यता दिली की झाला राज्यकर्ता. रोमानियन लोक त्याला म्हणतात ‘दोम्न’ किंवा ‘व्होयेव्होद’, आणि राजपुत्राला त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे, ‘बेइझादेआ’. यातला ‘झादे’ ओळखीचा वाटतोय ना? फारसीतून तुर्कीत आणि तिथून रोमानियनमध्ये गेलेला, आपल्या शहाजाद्यातला जादाच तो. हल्ली बापाच्या पैशावर गाड्या उडवणाऱ्या पोरांनाही तिकडे बेइझादेआच म्हणतात. इंग्रजी ‘प्रिन्स’मध्ये बाप आणि पोरगा दोघंही मावतात, सगळा घोळ तिथून. ड्रॅक्युलावाल्या व्लादला (तोही वालाकियाचा राज्यकर्ताच) मराठीत राजपुत्र लिहितात तेही यामुळेच.

मग राजा म्हणायचं का? तेही पटत नाही, कारण डोक्यावर सुलतान, वर्षाला खंडणी, आणि 1714 मध्ये सुलतानाच्या माणसांनी याला गादीवरून उचलून इस्तंबूलला नेलं, तिथं 15 ऑगस्टला चारही मुलांसकट मारलं, मालमत्ता जप्त झाली आणि मोगोश्वायाच्या या देखण्या वास्तूची चक्क सराई केली. माझं मत ‘संस्थानिक’. आपण ‘प्रिन्सली स्टेट’ला राजपुत्रांचं राज्य म्हणत नाही, संस्थान म्हणतो, तोच न्याय इथे लावायचा. इंग्रजांच्या काळाचा वास नको असेल तर सरळ ‘वालाकियाचा शासक’ लिहा.

आता ‘महाल’. चुकीचा नाही, पण तो शब्द आला की डोळ्यासमोर संगमरवर येतो. इथे लाल विटांची आटोपशीर दुमजली इमारत आहे, 1702 मध्ये पुरी झालेली. अंगणाच्या बाजूनं जिना चढून जायचं ते खांबांवरच्या पुढे आलेल्या सज्जात, त्याला ‘फोइशोर’ म्हणतात, आणि मागे तळ्याकडे व्हेनिसच्या धर्तीची कमानींची ओसरी, जिचे दगडी खांब वेलबुट्टीनं भरलेत. एकाच घराला दोन वेगळी तोंडं. याच शैलीला पुढे ब्रिंकोव्ह्यानूचं नाव पडलं. खाली कमानींच्या छताचं तळघर, आवारात स्वतंत्र मुदपाकखाना, भोवती तटबंदी. ‘राजवाडा’ चपखल बसतो. नुसता ‘वाडा’ मी टाळीन, कारण आपल्या वाड्यात चौक पोटात असतो आणि इथे इमारतच अंगणात उभी आहे.

जाता जाता, मोगोश्वाया हे नाव मोगोश नावाच्या बोयाराच्या बायकोवरून पडलंय. पाटलाची पाटलीण तशी मोगोशची मोगोश्वाया. त्यामुळे ‘मोगोश पॅलेस’ असंही कुठे लिहिलेलं दिसलं तर बदला, जागा बाईंच्या नावाची आहे. आणि राजपुत्राचा राजवाडा पाहिजेच असेल तर तिकडच्याच पोटलोजी गावचा घ्या, तो 1698 चा, ब्रिंकोव्ह्यानूनं थोरल्या मुलासाठी बांधलेला, तिथे ‘राजपुत्राचा’ बिनधास्त लिहा.