सरपंचबाईंवर प्रबंध लिहायला निघालेल्या मित्राला

प्रिय मित्रा,

तुझा आराखडा वाचला. विषय चांगला आहे, मेहनतही दिसते. पण प्रश्नावलीतला तो प्रश्न आधी काढून टाक: ‘ग्रामपंचायतीचे निर्णय आपण स्वतः घेता की आपले पती घेतात?’ नवरा ओसरीवर, दीर दाराशी, आणि समोर शहरातून आलेला, विद्यापीठाचं पत्र घेतलेला तू. अशा वेळी बाई जे बोलेल ते त्या बैठकीपुरतं असेल. ‘मीच घेते’ म्हणाली की तू तिला सक्षम ठरवणार आणि ‘हेच बघतात सगळं’ म्हणून हसली की बाहुली. दोन्ही वेळा कारभाराबद्दल तुला काहीच कळलेलं नसेल. मागच्या महिन्यात एखाद्या ठेकेदाराचं बिल त्या हसणाऱ्या बाईनंच अडवून धरलं असेल, कुणी सांगावं!

सरपंचपती आहेत, गावोगाव आहेत. पण एवढं सांगायला प्रबंध कशाला हवा? पारावरचा कुणीही सांगेल. मला त्याहून खटकलं ते वेगळंच. तुझ्या अभ्यासात पुरुष सरपंच एकही नाही. त्यांचे निर्णय कोण घेतं? कारखान्याचे संचालक, झेडपीचे मेंबर, वाळूवाले. पुरुषाला आपण ‘निर्णय तुमचे की साहेबांचे?’ असं कधी विचारत नाही. तुलनेला तो नसेल तर बाईचं परावलंबन बाईपणामुळे आहे की सरपंचपदामुळे, हे तुला सांगताच येणार नाही. त्याच तालुक्यातले थोडे पुरुष सरपंच घे आणि दोघांना तेच प्रश्न विचार.

राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांचा 2004 सालचा निबंध तू उद्धृत केला आहेस. सगळेच करतात. त्यांनी केलं काय ते मात्र नीट बघ. पश्चिम बंगालमधला बीरभूम आणि राजस्थानातला उदयपूर, मिळून 265 पंचायती. महिला प्रमुखाला ‘तुम्ही सक्षम आहात का’ असं विचारत बसण्यापेक्षा त्यांनी गावातल्या बायका पंचायतीकडे कोणत्या मागण्या घेऊन जातात, पुरुष कोणत्या, हे नोंदवलं आणि पैसा कुठे गेला ते तपासलं. प्रमुखपद महिलांसाठी राखीव असलेल्या पंचायतींत पिण्याच्या पाण्यावर दोन्हीकडे जास्त खर्च झालेला दिसला. रस्त्यांचं मात्र उलटसुलट: बीरभूममध्ये जास्त, उदयपूरमध्ये कमी. कारण बंगालात रस्त्याच्या कामावर बायका मजुरीला जात, त्यामुळे रस्ता ही त्यांचीही मागणी होती. तेव्हा ‘महिलांचे प्रश्न म्हणजे पाणी, शौचालय, अंगणवाडी’ अशी तयार यादी घेऊन गावात शिरू नकोस.

आता हीच पद्धत आज उचलून महाराष्ट्रात लावलीस तर फसशील. पंधराव्या वित्त आयोगाचा 2021 ते 2026 या काळातला ग्रामपंचायतींचा निधी साठ टक्के बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. त्या काळात सरपंच कुणीही असो, पाण्यावर पैसा जाणारच. आवडनिवड शोधायची तर अबंधित चाळीस टक्क्यांत आणि ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या वसुलीत शोध. रक्कम छोटी असेल, पण भांडणं तिच्यावरूनच होतात.

मुंबईच्या अभ्यासाचंही तेच. रिखिल भावनानी या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी महापालिकेचे वॉर्ड घेतले. 1997 साली महिलांसाठी राखीव असलेले वॉर्ड 2002 साली खुले झाले, तेव्हा तिथे बाई निवडून येण्याची शक्यता आधी राखीव नसलेल्या वॉर्डांच्या सुमारे पाचपट निघाली. सुंदर निष्कर्ष आहे. पण ही तुलना उभी राहिली ती आरक्षण एक तृतीयांश होतं म्हणून. 2011 पासून आपल्याकडे ते पन्नास टक्के आहे. निम्म्या जागा राखीव आणि चक्राकार पद्धत काटेकोर, तर गेल्या वेळी राखीव असलेली जागा यंदा खुली आणि खुली असलेली राखीव. मग ‘यंदा खुली आणि मागेही खुली’ अशी जागा तुलनेला आणणार कुठून? प्रत्यक्षात जातीचं आरक्षण आणि वॉर्डांची फेररचना यांमुळे हे चक्र इतकं साफ फिरत नाही. त्या विस्कळीतपणात तुझ्या कामाचं काही सापडू शकतं. त्यासाठी तहसील कार्यालयातून आरक्षणाच्या सोडतीची जुनी इतिवृत्तं काढावी लागतील. सरळ मिळाली नाहीत तर माहिती अधिकारात अर्ज टाक.

गावात गेल्यावर मुलाखतीआधी प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांच्या ठरावांची वही, माग. ठरावाचा सूचक कोण, अनुमोदक कोण, ग्रामसभेआधी घ्यायची महिला सभा खरंच भरली की ग्रामसभेच्या दिवशीच तिच्या सह्या झाल्या, हे पानं उलटताना दिसतं (एकाच पेनानं, एकाच वळणाच्या सह्या ओळखायला तज्ज्ञ लागत नाही). आणि एक साधा प्रश्न सगळ्यांना विचार, पुरुषांनाही: डिजिटल सहीचं डोंगल (संगणकाला लावायचं ते छोटं उपकरण) कुणाकडे असतं? वित्त आयोगाचं पेमेंट त्या सहीशिवाय सुटत नाही. ते बाईच्या कपाटात आहे, नवऱ्याच्या खिशात आहे, की ग्रामपंचायतीच्या संगणक ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये, यावरून तुझ्या सगळ्या प्रश्नावलीपेक्षा जास्त कळेल.

उमेदवारीपर्यंत पोचूच न शकलेल्या बायकांचाही विचार कर. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही. हरियाणाचा असाच नियम सर्वोच्च न्यायालयाने 2003 साली वैध ठरवला. तिसरं मूल हवं की नको हे जिला घरात कुणी विचारलं नाही, ती तुझ्या नमुन्यात येणारच नाही. एक प्रकरण तिच्यासाठी ठेव.

इतिहासाचं प्रकरण तू पंचायतींत महिलांना आरक्षण देणाऱ्या 73 व्या घटनादुरुस्तीपासून सुरू केलंस. ते थोडं मागे ने. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं चांदवडचं अधिवेशन 1986 चं. पुढे जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला आणि यवतमाळच्या मेटीखेड्यात संपूर्ण बायकांची पॅनेलं निवडून आली, तीही आजच्यासारखं आरक्षण नसताना. त्या बायकांनी काय कारभार केला हे सांगणारी माणसं आता म्हातारी झाली आहेत, हे काम पुढे ढकलू नकोस.

आणि नावं बदललीस म्हणजे ओळख लपली असं समजू नकोस. तालुका, प्रवर्ग आणि साल लिहिलंस की त्या भागातला कुणीही सरपंच ओळखतो. डोंगल नवऱ्याकडे असतं हे तिनं विश्वासानं सांगितलेलं पुढच्या निवडणुकीत तिच्याच विरोधात वापरलं जाईल. यातलं एक तरी गाळ. मी प्रवर्ग ठेवून तालुका गाळला असता, तू दुसरं ठरवलंस तर कारण लिहून ठेव, परीक्षक विचारतील.

तालुका अजून पक्का करू नकोस. सोडतीचे कागद हातात आले की ये, दोघं बसून ठरवू.

तुझी,
मॅडम