वडिलांना मधुमेह झाला, तो त्यांच्या खाण्यामुळेच का?

तुम्ही लिहिलंय की वडील 52 वर्षांचे, नाशिकच्या सातपूरला कंपनीत शिफ्टची नोकरी, वजन 68 किलो, एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) 7.4 आलं, आणि घरात सगळे त्यांनाच बोलतायत, ‘मिसळ-जिलेबी खाऊन ओढवून घेतलं.’ दोष खरंच त्यांचा का, आणि आता ताटात नेमकं काय बदलायचं, हे तुम्हाला हवंय.

आधी दोषाचं बघू. टाइप 2, म्हणजे मोठेपणी होणारा नेहमीचा मधुमेह, व्हायला दोन गोष्टी जुळाव्या लागतात. रक्तातली साखर उतरवणाऱ्या इन्सुलिनला शरीर नीट दाद देईनासं होतं, आणि ते बनवणाऱ्या स्वादुपिंडातल्या बीटा पेशी ती तूट भरून काढायला कमी पडतात. पहिली गोष्ट एकटी असेल तर साखर वर्षानुवर्षं नॉर्मल राहते. म्हणूनच तेच खाणारे, तितकंच पोट सुटलेले दोन शेजारी असतात आणि मधुमेह एकालाच होतो. दुसऱ्या गोष्टीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा. आईवडिलांपैकी एकाला टाइप 2 असेल तर मुलाला आयुष्यात कधीतरी तो होण्याची शक्यता साधारण 40 टक्के, दोघांना असेल तर 70 टक्क्यांच्या आसपास.

आईच्या पोटात असताना मिळालेलं पोषण हेही एक कारण. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा मागोवा घेतला. बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं 3.5. पण हा फरक स्नायूंत जास्त होता, कातडीखालच्या चरबीत कमी. मोठेपणीही तेच चालू राहतं. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच आकडे छापले होते : दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) 22.3, पण चरबी युडकिनांच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2. त्यामुळे वडिलांचे 68 किलो ऐकून ‘जाड तर नाहीत’ म्हणू नका, टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता माप घ्यायचं. पुरुषाचं 90 सेंटिमीटरच्या वर आणि बाईचं 80 च्या वर असेल तर चरबी पोटात साठतेय.

मग खाण्याचा वाटा किती? तो मोजला गेलाय. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी वजन 7 टक्के कमी करायचं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालायचं, असा मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. 2002 साली निकाल आला, नवे मधुमेही 58 टक्क्यांनी कमी. चेन्नईत तशाच लोकांवर केलेल्या प्रयोगाचा निकाल 2006 चा, तिथे घट 28.5 टक्के. म्हणजे माणसाच्या हातात बरंच असतं, पण सगळं नसतं. जे हातात असतं त्यातलंही सगळं खाणाऱ्या एकट्याच्या हातात नसतं. रात्रपाळीत झोप मोडली की शरीर इन्सुलिनला आणखी कमी दाद देतं. कॅन्टीनमध्ये काय मिळतं, घरी चहात किती साखर पडते, भाकरीबरोबर उसळ आहे की नुसता रस्सा, हे ठरवणारे दुसरेच असतात. वडिलांना बोलणाऱ्यांनी आधी हे बघावं, असं मला मनापासून वाटतं. शिवाय सतत टोमणे ऐकणारा माणूस खाणं लपवतो, आणि लपवलेलं खाणं डॉक्टरांनाही कळत नाही.

आता ताट. सुरुवात चहापासून करा, कारण तिथे सगळ्यात कमी कष्टात सगळ्यात जास्त फरक पडतो. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे 40 ग्रॅम साखर. गूळ घातला तरी हिशोब जवळपास तोच. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, महिन्याभरात जीभ सरावते.

मिसळ बंद करू नका, तिची मांडणी बदला. तिच्यातली मटकी हा उत्तम भाग आहे : 30 ग्रॅम कोरड्या मटकीत 7 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. घोळ होतो तो बाकीच्यात. एका पावात साधारण 20 ग्रॅम कर्बोदकं असतात आणि दोनवर कोणी थांबत नाही. वर शेव-फरसाण, तर्री, शेवटी जिलेबी आणि गोड चहा. घरी करताना मटकी दुप्पट, शेव चिमूटभर, कांदा-लिंबू आणि दही भरपूर, पाव एकच. जिलेबी नको.

भाकरीत लोक धान्य बदलतात आणि आकार तोच ठेवतात. 60 ते 70 ग्रॅम पिठाची भाकरी बाजरीची असो की नागलीची, तिच्यात 45 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. एका जेवणाला एक पुरे. नागलीचं सत्त्व किंवा पातळ आंबील मात्र पीठ बारीक झाल्यामुळे साखर झपाट्यानं चढवते, त्यापेक्षा भाकरी बरी. आधी कोशिंबीर, भाजी आणि उसळ, मग भाकरी, भात अगदी शेवटी, या क्रमानं तेच जेवण जेवलं तरी साखर कमी चढते. जेवून उठल्यावर 15 मिनिटं चालायचं. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस करावी, 10 वेळा, तीन फेऱ्या. साखर खेचून घेणारा मोठा अवयव स्नायूच आहे.

रात्रपाळीला मुख्य जेवण कामावर निघण्याआधी. रात्री दोनला वडापाव किंवा पोहे नकोत. फुटाणे, ताक, उकडलेलं अंडं चालेल. तेच अन्न रात्री जास्त साखर चढवतं.

उपवासाची साबुदाणा खिचडी ही आपल्याकडची मोठी अडचण. 75 ग्रॅम साबुदाण्यात 65 ग्रॅमच्या आसपास निव्वळ पिष्ट, प्रथिनं जवळपास शून्य, त्यात बटाटा. त्याऐवजी 40 ग्रॅम भगर, दाण्याची आमटी आणि काकडी घ्या. भगरीतही कर्बोदकं आहेतच, म्हणून मोजूनच.

द्राक्षं चालतात का, हे नाशिकमध्ये जानेवारीपासून प्रत्येक जण विचारतो. 10-12 मणी, जेवणानंतर लगेच नाही, सोबत मूठभर शेंगदाणे. मनुके नकोत, त्यांत पाणी गेलेलं आणि साखर राहिलेली असते. आणि द्राक्षं खाल्लेल्या हातानं ग्लुकोमीटर वापरू नका. बोटाला लागलेला रस थेंबात मिसळतो आणि आकडा खोटा वर जातो. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसूनही तो पूर्ण निघत नाही. हात साबण-पाण्यानं धुवा, कोरडे करा, बोटाच्या कडेला टोचा. जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे. एकाच जेवणाच्या आधी आणि नंतर तपासा; फरक 50 च्या वर गेला तर त्या ताटात काहीतरी जास्त होतं. रोज सकाळची उपाशीपोटीची साखर तपासून हे कधीच कळत नाही.

ताट बदलण्याआधी गोळ्यांची नावं वाचा. फक्त मेटफॉर्मिन असेल तर साखर धोकादायक उतरणं दुर्मीळ. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल आणि भाकरी एकदम निम्मी केली, तर घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. साखर 70 च्या खाली दिसली की तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि 15 मिनिटांनी परत तपासा. नाव ‘ग्लिफ्लोझिन’वर संपत असेल तर कडक उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. आणि काही न करता वजन झपाट्यानं उतरत असेल, तहान लागत असेल, उलट्या होत असतील, तर हे उत्तर बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. ते टाइप 1 (ज्यात शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही) किंवा दुसरं काही असू शकतं.

रक्त कमी असेल किंवा सिकलसेल (तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) असेल तर एचबीए1सीचा आकडा फसवतो. सिकलसेल आदिवासी भागांत जास्त आढळतो, म्हणून कुटुंब मूळचं नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठ या आदिवासी पट्ट्यातलं असेल तर डॉक्टरांना हे मुद्दाम सांगा.

शेवटचं तुमच्याविषयी. वडिलांना टाइप 2 असेल तर वरचे 40 टक्के तुमचे आणि तुमच्या भावंडांचे आहेत. कंबर मोजा. रात्री दहानंतर पाण्याशिवाय काही न घेता सकाळी उपाशीपोटी साखर करून घ्या. 126 किंवा त्याहून जास्त आली तर पुन्हा तपासून डॉक्टरांकडे. 100 ते 125 मध्ये आली तर घाबरू नका, पण वडिलांच्या ताटातले हे सगळे बदल तुमच्याही ताटात त्याच आठवड्यात करा, कारण अमेरिकेतला आणि चेन्नईतला तो फायदा याच टप्प्यावरच्या लोकांना झाला होता.