नव्या गार्डला दोन शब्द

अरे, कागदोपत्री आता तू ट्रेन मॅनेजर. जानेवारी २०२२ पासून पदाचं नाव बदललं, पण फलाटावर सगळे गार्डच म्हणतात, तेव्हा हाकेला ओ देत जा.

बारा डब्यांच्या लोकलमध्ये मोटरमन एका टोकाला, तू दुसऱ्या. त्याचा चेहरा दिसत नाही, मग भरवसा घंटीवर. दोन ठोके म्हणजे निघ, एक म्हणजे थांब. तू दोन दिलेस की तोही दोन वाजवून उत्तर देतो. ते उत्तर कानावर पडल्याशिवाय आपलं ऐकलं असं धरू नकोस. ठोके स्वच्छ, मध्ये किंचित जागा ठेवून दे. घाईत एकमेकांत मिसळले की पुढच्याला कोडं पडतं.

दादरला एकदा संध्याकाळी मी दोन ठोके दिले आणि त्याच क्षणी एका बाईंच्या पर्सचा पट्टा दांड्यात अडकलेला दिसला. गाडी जेमतेम हलली होती. एक ठोका, लगेच थांबली. तेव्हापासून मान बाहेर काढून फलाट संपेपर्यंत बघतो, पावसात चष्मा पुसत का होईना. मधल्या खांबामागचा माणूस मात्र कधीच नीट दिसत नाही, काय करणार!

एसी लोकलमध्ये दरवाजेही तुझ्याच हातात. गर्दीकडे बघूनच बटण दाब.

आणि उद्घोषणा चुकीच्या स्टेशनची लागली, तर माइक घे आणि सांग. खाकरून घे आधी. प्रवासी शिव्या देतील, पण उतरतील बरोबर.