जिना चढून आलेय, एवढंच

"सरावात सगळं जमतं हो. ऐन वेळी काय होतं तेच कळत नाही."

गेली पंधरा वर्षं हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय, की समोरच्याने "सरावात" म्हटलं की पुढचं मला पाठ असतं. पेपर हातात पडला की डोकं कोरं होणारी मुलं, मुलाखतीत स्वतःचं नाव सांगताना अडखळणारे जाणते लोक, गाणारे, वाजवणारे, खेळाडू. हल्ली पाठोपाठ आणखी एक प्रश्न येतो: "मेंदूला ट्रेनिंग देता येतं म्हणे. डोक्याला पट्टा लावून करतात. ते करून बघू का?"

या दोन्हीचं उत्तर द्यायला मला एका मुलीची गोष्ट सांगावी लागते. तिला विचारूनच सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि सात महिन्यांच्या भेटी चार-पाच संवादांत बसवल्यात.

ती एकोणीस वर्षांची, एअर पिस्तूलची नेमबाज. लक्ष्य दहा मीटरवर आणि त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. 75 मिनिटांत 60 शॉट. सरावात 600 पैकी 560 हमखास. स्पर्धेत 535, 538. पहिल्या दिवशी आई सोबत होती.

"नेमकं काय होतं?" मी विचारलं.

"छाती धडधडते. मग हात थरथरतो. मी थांबते, पिस्तूल खाली घेते, परत उचलते. परत तेच. शेवटी वेळ संपत येते आणि कसातरी ट्रिगर ओढते."

"पहिल्यापासून घाबरट स्वभाव आहे हिचा," आई म्हणाली.

स्वभाव या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. एकदा स्वभाव म्हटलं की करण्यासारखं काही उरतच नाही. म्हणून मी स्वभाव विचारत नाही, सवय विचारते. शरीराला कशाची सवय आहे आणि कशाची नाही, एवढंच. माझ्या व्यवसायातल्या काही मित्रांना हे फार उथळ वाटतं. वाटू दे.

तरीही सुरुवात मी चुकीचीच केली. तिला श्वास शिकवला. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, मिनिटाला सहाच श्वास. एरवी मोठ्या माणसाचे मिनिटाला बारा ते वीस होतात. श्वास सोडताना व्हेगस नावाची नस हृदयाला लगाम घालते, त्यामुळे उच्छ्वास लांबला की ठोके मंदावतात. यात काहीच खोटं नाही. तीन आठवडे तिने मन लावून केलं. मग स्पर्धा झाली. 531.

"मॅडम, तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं," ती खाली बघत म्हणाली. "श्वास मोजले. तरी धडधड थांबली नाही. मग वाटलं, मला साधा श्वासपण नीट घेता येत नाही."

हे वाक्य मला रात्रभर पुरलं. नेमबाजीची परीक्षा तिला जड जात होती, आणि मी तिला शांत होण्याची दुसरी परीक्षा लावून दिली होती. ती एका डोळ्याने लक्ष्य बघत होती आणि दुसऱ्याने स्वतःची छाती.

त्यानंतर दोन भेटी आम्ही नुसत्या चाचपडत होतो. मग एकदा ती उशिरा आली आणि आल्या आल्या तक्रार सुरू केली. रेंज चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, सर आधीच चिडलेले. चार मजले धावत चढून ती धापा टाकत तशीच लेनवर उभी राहिली होती.

"आजचा सराव वायाच गेला. पहिल्या दहा शॉटना हात असा हलत होता." तिने हात पुढे करून दाखवलं.

"गुण किती पडले त्या दहांत?"

"ब्याण्णव."

"एरवी किती पडतात?"

"त्र्याण्णव, चौऱ्याण्णव."

"आणि मागच्या स्पर्धेत पहिल्या दहांत?"

"शहाऐंशी."

"हात जास्त कधी हलत होता? स्पर्धेत की आज?"

ती उत्तर द्यायला तोंड उघडून तशीच थांबली. मी गप्प बसले. गप्प बसणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य, आणि ते मला बऱ्यापैकी साधलंय असं मला वाटतं. पंख्याचा आवाज ऐकू येत होता.

"आज," ती हळूच म्हणाली. "आज खूप जास्त हलत होता."

"मग आज वेगळं काय केलंस?"

"काहीच नाही. धाप लागली होती, हात हलणारच होता ना. म्हणून थांबण्याची वाटच नाही बघितली. पिस्तुलाची नेम धरायची साइट समोर दिसत होती, ट्रिगर दाबत गेले." आणि मग एकदम माझ्याकडे बघून, "मॅडम, स्पर्धेत मी वाट बघते!"

खरं सांगायचं तर हे मलाही त्याच क्षणी उमगलं. मी आधीपासून सगळं ओळखून होते असं दाखवायचा मोह होतो, पण तसं नव्हतं.

हात कुणाचाच स्थिर नसतो. निरोगी माणसाचा हातही सेकंदाला साधारण 8 ते 12 वेळा बारीक कंप पावतो. अ‍ॅड्रेनलिन वाढलं की तोच कंप मोठा होतो, मग ते वाढण्याचं कारण भीती असो की चार मजले. हाताला कारण कळत नाही. कारण मेंदू लावतो. जिन्यानंतरच्या थरथरीचं कारण त्याला माहीत होतं, म्हणून त्याने ती सोडून दिली. स्पर्धेतल्या थरथरीला त्याने संकट म्हटलं आणि ती थांबेपर्यंत ट्रिगर अडवून धरला. पिस्तूल तसं धरून ठेवलं की खांदा थकतो, नजर शिणते, थरथर आणखी वाढते, आणि शेवटी बोट झटका देतं. तिचे गुण थरथरीने जात नव्हते, त्या झटक्याने जात होते.

आता सांगा, जिची सगळी मेहनत शांत हाताने झालीय, तिच्या मज्जासंस्थेने धडधडत्या छातीने नेम धरायला शिकायचं तरी कधी? 1975 साली गॉडन आणि बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी पाणबुड्यांना काही शब्द पाण्याखाली आणि काही काठावर पाठ करायला लावले. पाण्याखालचे शब्द पाण्याखालीच जास्त आठवले, काठावरचे काठावर. शरीराच्या आतल्या स्थितीचंही काहीसं असंच असतं. आपण सगळे काठावर तयारी करतो आणि परीक्षा पाण्यात देतो.

म्हणून आम्ही पाण्यात उतरलो. आठवड्यातून दोनदा चार मजले जोरात चढायचे आणि लगेच दहा शॉट. सर आधी नाराज होते. "नेमबाजाला पळवायचं? आम्ही उभं राहायला शिकवतो." त्यांचं चूक नव्हतं, पाया उभं राहण्याचाच असतो. महिनाभराने तेच पायरीशी घड्याळ घेऊन उभे राहायला लागले. मग जिन्यात भर पडली. मागे इतर मुलं बघत उभी, बाजूला मोबाइलचा कॅमेरा चालू, हरणाऱ्याने सगळ्यांच्या पेट्या उचलायच्या. कॅमेऱ्याची कल्पना माझी नाही. बेलॉक आणि कार या मानसशास्त्रज्ञांनी 2001 मध्ये गोल्फमधल्या 'पटिंग'वर, म्हणजे चेंडू हलकेच खळग्यात ढकलण्यावर, प्रयोग केला होता. कॅमेऱ्यासमोर सराव केलेल्यांचा खेळ पुढे दबावाखाली घसरला नाही.

श्वास मी टाकून दिला नाही, त्याची जागा बदलली. शॉट झाला, पिस्तूल टेबलावर ठेवलं की एक लांब उच्छ्वास. नेम धरण्याआधी ठोके तपासत बसायचं नाही.

आणि मनात काय म्हणायचं? "मी शांत आहे" हे तिला खोटं वाटायचं, आणि ते खोटंच होतं. अ‍ॅलिसन वूड ब्रुक्स यांनी 2014 मध्ये दाखवलं होतं, की गाणं, भाषण किंवा गणित सुरू करण्याआधी स्वतःला "शांत हो" म्हणण्यापेक्षा "मी उत्साहात आहे" म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. मी ते सुचवलं तर ती हसली. "फार जाहिरातीसारखं वाटतं, मॅडम." दुसऱ्या आठवड्यात तिने स्वतःच शोधून आणलं. धडधड सुरू झाली की मनात म्हणायचं, "जिना चढून आलेय, एवढंच." मला याहून चांगलं सुचलं नसतं.

मधे एक दिवस सगळं उलटलं. छोट्या स्पर्धेत पुन्हा 541. ती रडत आली, "सगळं परत आलं." मी तिला पाव्हलॉवच्या कुत्र्यांबद्दल सांगितलं. घंटेनंतर खाणं देणं बंद केलं की त्यांची लाळ थांबायची, पण काही काळ गेल्यावर नुसत्या घंटेने ती पुन्हा दिसायची. जुनं शिकलेलं पुसलं जात नाही, त्याच्या शेजारी नवं शिकलेलं बसतं. म्हणून असा दिवस येतो, आणि तो आला म्हणजे मधली मेहनत पाण्यात गेली असं नाही. तिने फक्त विचारलं, "उद्या जिना किती वेळा?"

आता मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या त्या पट्ट्याबद्दल. मेंदूच्या विद्युतलहरी कवटीवरून टिपता येतात हे हान्स बर्गर यांनी 1929 मध्ये प्रसिद्ध केलं. 1960 च्या दशकात स्टर्मन यांनी मांजरांना ठरावीक लहरी वाढवायला बक्षीस देऊन शिकवलंही. त्यामुळे ही कल्पना थोतांड नाही. पण निरोगी माणसाची ऐन वेळची कामगिरी त्याने खात्रीने सुधारते, इतका भक्कम पुरावा मी पाहिलेला नाही. माझ्याकडे येणाऱ्यांना मी म्हणते, आधी फुकटचं करून बघा.

पेपरला डोकं कोरं होत असेल तर घरच्या टेबलाशी दहावेळा उजळणी करण्यापेक्षा अनोळखी जागी, गोंगाटात, घड्याळ लावून दोन पेपर लिहा. सुरुवात मुद्दाम जिना चढून किंवा जागेवर उड्या मारून करा. मुलाखतीची तयारी आरशासमोर करू नका, आरसा फार समजूतदार असतो. अशा माणसासमोर करा जो मान डोलावत नाही. आणि पेपरच्या आधी दहा मिनिटं मनातली धास्ती कागदावर उतरवून काढा. रामिरेझ आणि बेलॉक यांच्या 2011 च्या अभ्यासात अशा लिहिण्याने, विशेषतः परीक्षेला फार घाबरणाऱ्या मुलांचे गुण वाढले होते. आदल्या रात्रीची झोप मात्र विकू नका. दिवसा केलेल्या हालचालींचा सराव मेंदू झोपेत पक्का करतो, ती झोप चुकवली तर मेहनत अर्धवट राहते.

हृदयविकार, दमा, गरोदरपण किंवा धडधडीबरोबर चक्कर येणं, यातलं काही असेल तर जिना नको, आधी डॉक्टर. कुणीतरी सांगितलं म्हणून धडधड कमी करायची गोळी तर स्वतःच्या मनाने अजिबात घेऊ नये. नेमबाजीत अशा गोळ्या, म्हणजे बीटा-ब्लॉकर, उत्तेजकविरोधी नियमांखाली बंदच आहेत. एका पालकांनी मला कुजबुजत विचारलं होतं, म्हणून इथे मोठ्याने सांगते.

सातव्या महिन्यात तिची मोठी स्पर्धा होती. दुपारी फोन आला.

"मॅडम, 558. फायनलला पहिले आठ जातात, मी अकरावी."

"आणि धडधड?"

"तेच तर सांगायचंय. सुरुवातीला आलीच नाही! मी इतकी घाबरले. म्हटलं आज काहीतरी गडबड आहे. मग मागच्या पॅसेजमध्ये जाऊन वीस उड्या मारल्या."

"मग?"

"मग आली. मग बरं वाटलं."