जंताचं औषध देऊनही मुलाची रात्रीची खाज परत का येते?

तुम्ही लिहिलंय की सहा वर्षांच्या मुलाला जंताची एक गोळी दिली, काही दिवस बरं वाटलं, आणि आता तो पुन्हा रात्री शीच्या जागी खाजवत उठतो. स्टूल टेस्ट मात्र नॉर्मल. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. वर्णनावरून मला तरी हे सूतकृमी (दोऱ्यासारखे बारीक पांढरे जंत) वाटतात, आणि त्या रिपोर्टवर विसंबू नका.

या कृमीची मादी सहसा आतड्यात अंडी घालत नाही. मूल झोपलं की ती गुदद्वारातून बाहेर येते आणि भोवतालच्या त्वचेवर दहा हजारांच्या घरात अंडी चिकटवते. मग अंडी शौचात सापडणार कशी? त्यासाठी सेलोटेपची तपासणी असते. सकाळी उठल्या उठल्या, संडास-आंघोळीच्या आधी, पारदर्शक टेपची चिकट बाजू तिथल्या त्वचेवर दाबायची आणि ती पट्टी काचेच्या स्लाइडवर लावून लॅबमध्ये द्यायची. दुधी टेप नको, त्यातून आम्हाला काही दिसत नाही. लागोपाठ तीन सकाळी केलंत तर उत्तम. मायक्रोस्कोपखाली अंडं एका बाजूने चपटं, दुसऱ्या बाजूने फुगीर दिसतं. ओळखायला अगदी सोपं. नाहीतर मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी टॉर्च लावून बघा. सेंटिमीटरभर लांबीचा पांढरा, वळवळणारा दोरा दिसला की निदान झालंच.

आता परत का आलं? अल्बेंडाझोल, मेबेंडाझोल किंवा पायरँटेल जिवंत कृमींवर चालतात, अंड्यांवर त्यांचा भरवसा नाही. गिळलेल्या अंड्यापासून अंडी घालणारी मादी व्हायला साधारण महिना लागतो. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरा डोस असतो, नवी पिढी अंडी घालण्याआधीच मारायला. पोरगं हसतंखेळतं झालं की नेमका हाच डोस राहून जातो.

तुमच्या प्रश्नात घरातल्या बाकीच्यांचा उल्लेखच नाही. खाज नसली तरी त्यांच्यातही कृमी असू शकतात, त्यामुळे सगळ्यांनी एकाच दिवशी औषध घ्यायचं. डोस डॉक्टरांना विचारूनच. कुणी गरोदर असेल किंवा मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर ते आधी सांगा.

अंडी काही तासांतच संसर्गक्षम होतात आणि कपड्यांवर, चादरीवर दोन-तीन आठवडे टिकू शकतात. खाजवलेलं बोट तोंडात गेलं की चक्र पुन्हा सुरू. नखं अगदी बारीक कापा, आंघोळ सकाळीच घाला, चड्डी रोज बदला, आणि चादरी झटकू नका (अंडी उडतात), अलगद गोळा करून गरम पाण्यात धुवा. घरभर जंतुनाशक ओतायची गरज नाही. गोड खाल्ल्याने हे होत नाही आणि कुत्र्या-मांजरांकडूनही येत नाही, त्यांना उगाच दोष देऊ नका.

मुलींमध्ये कधी कधी कृमी योनीमार्गाकडे जातात, मग तिथे खाज किंवा स्राव होतो. तसं झालं तर डॉक्टरांना दाखवा. शौचातून रक्त, सतत जुलाब किंवा वजन घटणं असेल, तर कारण सूतकृमींपलीकडचं असू शकतं आणि तपासणीही वेगळी लागेल.