खारं वारं, पावसाळा आणि घरची ऊर्जा : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : हर्णैला समुद्राजवळ घर आहे. अर्धं कौलारू, अर्धं स्लॅबचं. महिन्याला ३०० युनिट वीज लागते. ३ किलोवॉटचं सोलर खाऱ्या हवेत टिकेल का? पावसाळ्यात काय होईल?

उत्तर : पॅनल टिकतात, गंजतो तो सांगाडा. पॅनल घेताना खाऱ्या हवेच्या चाचणीचं प्रमाणपत्र मागा. सांगाडा वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला हवा, थर ८० मायक्रॉनचा. घोळ होतो तो पुढे. गच्चीवर आणून पाइप कापतात, भोकं पाडतात, वेल्डिंग मारतात. तिथलं जस्त उडतं आणि एक-दोन पावसाळ्यांत नेमका तिथूनच गंज फुटतो. कापाकापी जस्त चढवण्याआधीच उरकून घ्या. राहिलीच तर त्या जागी जस्ताच्या रंगाचे दोन हात मारा. नटबोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे.

बसवा स्लॅबवरच, साधारण ३०० चौरस फूट जागा लागेल. कौलांवर पॅनल पुसायला कोण चढणार? एक पॅनल पुसताना चार कौलं फुटतात. पॅनल धुवायचे ते सकाळी, काच तापायच्या आत आणि गोड्या पाण्याने. खारट विहिरीच्या पाण्याने धुतलं तर मीठ काचेवरच वाळतं.

अर्थिंगकडे कोकणात हमखास दुर्लक्ष होतं. जांभ्याच्या कातळात ओल टिकत नाही, म्हणून उन्हाळ्यात अर्थिंग असून नसल्यासारखं. खड्डा विहिरीजवळ किंवा माडाच्या आळ्यापाशी, जिथे माती खोल आहे तिथे घ्या आणि पट्टी घरापर्यंत आणा. वळवाच्या विजा सुरू व्हायच्या आत हे काम उरका.

३ किलोवॉटमधून वर्षाची सरासरी दिवसाला १२ युनिट धरा. जुलैत ती निम्म्यावर येते, कधी त्याहूनही खाली. नेट मीटर म्हणजे ग्रिडला दिलेली आणि ग्रिडकडून घेतलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर. त्यामुळे एप्रिल-मेचे उरलेले युनिट पावसाळ्यात वळते होतात. हिशेब आर्थिक वर्षाअखेर, म्हणजे पावसाळा संपून गेल्यावर मार्चमध्ये मिटतो, तो आपल्या पथ्यावरच पडतो. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे.

एक गोष्ट विक्रेते शेवटी सांगतात : लाइट गेली की साधं, बिनबॅटरीचं सोलरही बंद पडतं, भर उन्हात. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या पॅनलच्या विजेचा झटका बसू नये म्हणून ही सोय. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडात कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तसल्या दिवसांसाठी बॅटरीचा हायब्रीड इन्व्हर्टर लागतो. खर्च वाढतो, पण पंप आणि फ्रिज त्यावर असतील तर घ्यावा.

प्रश्न : कुडाळला २ घनमीटरचा गोबरगॅस आहे, दोन म्हशी आहेत. पावसात गॅस कमी येतो आणि ज्योत फडफडते.

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. फडफड म्हणजे पाइपात पाणी. गॅस ओला असतो, थंड पाइपात त्याचं पाणी होऊन सखल जागी साचतं. तिथला कॉक उघडून पाणी काढा. पाइपाला त्या कॉककडे उतार नसेल तर तो आधी द्या.

गॅस कमी, कारण २ घनमीटरला रोज ५० किलो शेण लागतं. दोन म्हशींचं फार तर ३० भरतं. त्यात ओल्या चाऱ्यावर शेण पातळ पडतं आणि गोठ्याच्या पन्हाळीचं पाणी थेट कुंडीत जातं. एरवी शेणाइतकं पाणी घालतो, पावसात निम्मं पुरे. कुंडीवर पत्रा टाका. काजूचे बोंडू मात्र ढिगाने टाकू नका. आंबटपणाने गॅस करणारे जिवाणू थंडावतात आणि आठवडाभर न पेटणारा गॅस येतो.

जास्तीचा गॅस मोकळा सोडू नका, पेटवा. मिथेन हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २५-३० पट उष्णता धरतो. सांधे साबणाच्या फेसाने तपासा.

प्रश्न : वेंगुर्ल्यात काजूची टरफलं स्वस्त मिळतात. आंघोळीच्या बंबात जाळली तर?

उत्तर : पेटतात झकास, पण जाळू नका. टरफलात २०-२५ टक्के तेल असतं, तेच काजू फोडताना हाताची सालं काढतं. बंबात ते पुरतं जळत नाही. धूर डोळे-घसा चुरचुरवतो आणि चिकट काजळी धुराड्यात बसून एक दिवस तीच पेट घेते. टरफलं तेल काढणाऱ्या कारखान्याला विका.

प्रश्न : आमच्या गावात धुराडं नाही. मग आमच्या विजेचा कसला धूर? (शाळकरी वाचक, गुहागर)

उत्तर : धूर आहे, फक्त दुसरीकडे. देशाच्या ग्रिडवर, म्हणजे सगळ्या वीजकेंद्रांना जोडणाऱ्या तारांच्या जाळ्यावर, एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. कोयनेचं पाणी वीज करताना धूर काढत नाही, पण ग्रिडमध्ये जयगडच्या १२०० मेगावॉट कोळसा-विजेसारखी वीजही मिसळते. तुझ्या घरी ६० वॉटचा पिवळा बल्ब उरला असेल तर ९ वॉटचा एलईडी लाव. रोज पाच तासांनी महिन्याला साडेसात युनिट वाचतील, म्हणजे पाच किलोवर धूर कमी.