पहिल्या चक्राचा आकडा

प्रिय दोस्ता,

सिलिकॉन ॲनोडचा (बॅटरीच्या ऋण टोकाचा) पहिला कॉइन सेल, म्हणजे नाण्याएवढी चाचणीची बॅटरी, चालला, याचा आनंद तुझ्या पत्रात ओळीओळीतून दिसतोय. पण लगेच पेपर लिहायला बसू नकोस. नेहमीच्या ॲनोडमधल्या ग्रॅफाइटची सैद्धांतिक क्षमता ग्रॅमला 372 मिलीअँपिअर-तास आणि सिलिकॉनची 3,500च्या पुढे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. घोडं अडतं ते पुढे. लिथियम शिरलं की सिलिकॉनचा कण फुगून आकारमानाने जवळजवळ चौपट होतो, निघालं की आकसतो. दर वेळी कणावरचा संरक्षक पापुद्रा फाटतो, नवा धरतो आणि थोडं लिथियम गिळून बसतो.

म्हणून मला कूलंबिक एफिशियन्सी कळव, म्हणजे दर चक्रात भरलेल्या चार्जपैकी किती टक्के परत मिळतो ते. 99.9 टक्के ऐकायला झकास वाटतं. लिथियमचा साठा मोजका असलेल्या पूर्ण सेलमध्ये तीच गळती हजार चक्रं चालली, तर जेमतेम 37 टक्के लिथियम उरतं, 99.99 असेल तर 90. त्या एका जास्तीच्या नऊसाठी माणसं वर्षानुवर्षं खपतात. हाफ सेलमध्ये, म्हणजे एकच इलेक्ट्रोड तपासायच्या सेलमध्ये, समोर लिथियमचा भलामोठा साठा असतो, त्यामुळे हे सगळं झाकून जातं. इलेक्ट्रोडवर चौरस सेंटिमीटरला किती मिलिग्रॅम माल आहे, तेही लिही. पातळ थरात कुठलंही मटेरियल हुशार दिसतं. जाड थर वाळताना तडकला, खालचं धातूचं फॉइल सोडू लागला की त्याची लायकी कळते.

बॅटरी की सोलर, असं विचारलंस. दुखणं दोन्हीकडे तेच. पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकांचे सोलर सेल 2009मध्ये 3.8 टक्के कार्यक्षमतेवर होते, आज प्रयोगशाळेत 25च्या वर गेलेत, तरी ओलावा आणि उष्णतेपुढे अजून डगमगतात. विषय आवडीने निवड, एवढंच म्हणेन. प्रोसेसिंगला, म्हणजे माल घडवायच्या कामाला, मात्र कमी लेखू नकोस (आपल्यातले बरेच लेखतात). 1997मध्ये बॅटरी-शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्या गटाने लिथियम आयर्न फॉस्फेट हे बॅटरीच्या धन टोकाचं मटेरियल पुढे आणलं, तेव्हा त्यातून इलेक्ट्रॉन धड वाहत नव्हते. पुढे कण बारीक केले, त्यांवर कार्बनचा लेप दिला आणि तेच मटेरियल आज लाखो गाड्यांत धावतंय. स्लरी (फॉइलवर लावायचा घोळ) स्वतः घोटायला शीक, तंत्रज्ञावर सोपवू नकोस.

आता एकाच बॅचचे निदान तीन सेल लाव. मेलेला सेल कचऱ्यात न टाकता ग्लोव्हबॉक्समध्ये (हातमोजे बसवलेल्या हवाबंद पेटीत) उघड आणि इलेक्ट्रोडचे फोटो पाठव. आलेख नंतर बघू.

तुझा,
जुना मार्गदर्शक